गुळगुळीत रेघ

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले संचालक हिंदुराव सर, आणि मागच्या रांगेत आत्तापासूनच घड्याळ पाहू लागलेले माझे सहकारी,

सरांच्या एखाद्या गुणावर बोला, असं मला सांगण्यात आलंय. मी सौंदर्यदृष्टी निवडली. विहिरींच्या पाणीपातळीचं आपल्या संस्थेचं पुस्तक पाहून लोक विचारतात, आलेख इतके देखणे कसे? सांगते ना.

आलेख काढणारी प्रोग्रॅमिंगची लायब्ररी, म्हणजे आयता कोड, निवडायला समिती नेमली होती. सर, मी आणि कंत्राटावरचा योगेश. योगेशनं एक साधी लायब्ररी आणली. चार ओळी लिहिल्या की आलेख तयार. सदाशिव पेठेतल्या छापखान्यात काळ्या शाईत छापून पाहिला, बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ! फक्त ज्या महिन्याची नोंद नाही, तिथं ती रेघ तोडायची आणि जागा मोकळी सोडायची.

सर म्हणाले, "अहो, दात पडल्यासारखं दिसतंय हे. मोठ्या लोकांच्या हातात जाणारं पुस्तक आहे." आणि त्यांनी दुसरी निवडली. ती मधले महिने गाळून दोन टोकं परस्पर जोडते, तेही गुळगुळीत रेघेनं.

"पण सर, बऱ्याच ठिकाणी रीडिंग नाही कारण विहीरच ड्राय आहे," योगेश म्हणाला. सरांनी त्याला प्रेमानं समजावलं. पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राट संपलं. आणि मी काय केलं? निर्णयावर सही केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकी वळणदार सही मला कधी जमली नव्हती.

गेल्या आठवड्यात कात्रजच्या पलीकडच्या वस्तीवरून बापूराव ते पुस्तक घेऊन आले. आपल्या आलेखात त्यांच्या विहिरीला अख्खा उन्हाळा पाणी आहे, म्हणून टँकरच्या यादीतून वस्ती वगळली गेली. मला म्हणाले, "बाई, रेघ लई झ्याक हाय. पण बादली सोडली की दगडावर वाजती." मी त्यांना चहा पाजला. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

त्याच दुपारी मी योगेशच्या लायब्ररीनं ते पान पुन्हा काढलं. शुद्धिपत्र चार दिवस सरांच्या टेबलावर आहे. सर म्हणतात, निरोपाच्या आठवड्यात हे कशाला? नवे संचालक कधी येणार, कोणालाच माहीत नाही. टँकरची यादी मात्र सोमवारी पक्की होते.

बोलू दिलंत, आभारी आहे. शब्द कमी-जास्त गेला असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. सर, सत्काराच्या तबकात नारळाशेजारी मी शुद्धिपत्र आणि पेन ठेवलंय. आपल्या सहीला आज सहा वाजेपर्यंत किंमत आहे. आणि तिसऱ्या रांगेत टोपी घातलेले जे गृहस्थ बसलेत, ते बापूराव. त्यांना मीच बोलावलंय.