तिकडून उचललेला फोन

वॉर्डाबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई नवऱ्याच्या तपासणीसाठी थांबल्या होत्या. शेजारी हॉस्पिटलचे कपडे घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची सून हॉस्पिटलच्या ऑफिसातून फॅक्स करून परत आली.

"माझ्या दादाच्या दुकानात फॅक्स गेला का गं?"

"गेला, बाबा. इथल्या मशिनने ओके छापलं."

"म्हणजे त्याने वाचला?"

"कागद तिकडच्या मशिनमध्ये उतरला, एवढंच. वाचला की नाही ते मशिनला कळत नाही."

"असं होय."

"पण तिकडे फोन आणि फॅक्स एकाच लाईनवर आहेत. आधी काकांनीच फोन उचलला. 'हॅलो' म्हणाले, फॅक्सची शिट्टी ऐकली आणि मशिन चालू करून दिलं."

"तू त्याचा आवाज ऐकलास?"

"स्पीकरवर."

"कसा होता?"

"दमल्यासारखा वाटला."

"किती वर्षं झाली आमचं बोलणं तुटून."

"मग त्यांना 'ये' म्हणून का नाही लिहिलंत?"

"उद्या ऑपरेशन आहे, हे लिहिलं की."

"ते कळवलंत, बाबा. बोलावलं कुठे?"

शिंपीणबाईंनी पिशवीतलं पेन काढून सुनेपुढे धरलं.

"दुसऱ्या कागदावर लिही, 'ये'," म्हातारे गृहस्थ सुनेला म्हणाले. "आणि खाली माझं नाव नको. बारक्या लिही. तो तसंच म्हणायचा."