गयाचा अंगठा

माझं नाव कोंडाबाई. माहेर देवणीकडचं. देवणी म्हणल्यावर तुम्हाला बैल आठवणार, तर आठवा, आमच्या बापाचा बैल असा होता की तो हंबरला की उदगीरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. खोटं वाटतं? माझ्या अर्ध्या गोष्टी खोट्याच असतात, गावात कुणालाबी इचारा. पण आज सांगून राहिले ती खरी हाय, आन खरी हाय म्हणूनच इतकी वर्षं कुणाला सांगितली न्हाई.

लगीन होऊन अहमदपूर तालुक्यात आले. मालक विहिरी खांदायचे. पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वक्ताला सासू म्हणली, हे लेकरू आपलं म्हणून ठिऊच नको. आमच्याकडं रीत हाय, जिची लेकरं जगत न्हाईत तिनं नवं लेकरू दुसरीच्या ओटीत घालायचं, तिच्याकडून सूपभर जवारी घ्यायची, म्हणजे लेकरू इकलं, आन त्याचं लगीन होईस्तोवर चारचौघांत माझं म्हणायचं न्हाई. मरण हुडकत आलं तर त्याला घर सापडू नये. लगनात सूपभर जवारी परत द्यायची की लेकरू पुन्हा आपलं. नावबी असं ठेवायचं की कुणाला उचलून न्यावं वाटू नये, म्हणून दगडू.

शेजारच्या गयाच्या ओटीत घातला. गयाला मूलबाळ नव्हतं, नवऱ्यानं त्याच कारणानं टाकलेली, एकटी राहायची. तिनं सूप भरून जवारी दिली, आन मी ती दळून खाल्ली, आता कशाला लपवू. दूध मी पाजायची, न्हाऊ ती घालायची. दगडू बोलाया लागला तर तिला आई म्हणायचा, मला काकू. अख्खं गाव असं पढवलेलं की कोंबड्याला इचारलं असतं, दगडू कुणाचा, तर तो बी गयाच्या दाराकडं तोंड करून आरवला असता.

मग तो दुष्काळ पडला. लातूर जिल्हा तवा नवा नवाच झालेला, लोक म्हणायचे, जिल्हा झाला, आता पाऊसबी येईल, जसं काय ढग कलेक्टरला भेटायला येणार होते. काय सांगू तुम्हाला, ऊन असं की चिमण्या उडायच्या न्हाईत, सावली सावलीनं पायी जायच्या. मी डोक्यावरच्या पाटीत पिठाचा गोळा थापून निघायची, खडी फोडायच्या कामावर पोचेपर्यंत भाकर तयार, खालून तेवढी कच्ची राहायची. हसा, हसा. पण त्याच दुष्काळात मालक विहिरीतला गाळ काढायला उतरले आन वरून दरड आली. ह्यात मी काही वाढवून सांगितलं न्हाई.

दगडू तीन वर्षाचा. शाळेचे गुरुजी म्हणले, कोंडाबाई, ज्या लेकराला बाप न्हाई त्याच्या आईला सरकार महिन्याला पगार देऊन राहिलंय, निराधारचा, अर्ज कर. मी केला. मालकाच्या मरणाचा दाखला जोडला, रहिवासी जोडला, आन वाट बघत बसले. खडीच्या कामावर मला घेरी यायची, पोरगं कण्या खाऊन बारीक झालेलं, तो पगार मिळाला तर पोरगं जगणार होतं, एवढंच होतं माझ्यापुढं.

एक दिवस तलाठीसाहेब चौकशीला आले. मी होते खडीवर. त्यांनी पारावर इचारलं, दगडू कुणाचा? अख्खा पार एका तोंडानं म्हणला, गयाचा! म्हातारे म्हणले, बाया म्हणल्या, तिथं झोपलेला एकजण होता तो झोपेतून उठून म्हणला. मंग साहेबांनी पोरालाच इचारलं, बाळ, तुझी आई कोणती? पोरगं गयाच्या कडेवर, त्यानं तिच्या गालावर हात ठिवला. साहेबांचा काय दोष? त्यांनी ऐकलं ते लिवलं. गावाला वाटलं आपण दगडूला मरणापासून वाचवलं. कुणालाबी आठवण राहिली न्हाई की हे इचारणारं मरण न्हाई, तलाठी हाय.

अर्ज परत आला. गुरुजींनी वाचला, अर्जदारास अपत्य नाही. अपत्य नाही! दोन पुरली, एक जिवंत, आन कागद म्हणतो अपत्य नाही. अहमदपूरला तहसीलीत गेले, लई रडले, तिथलं पाण्याचं मडकं आटलं होतं ते माझ्या रडण्यानं भरलं म्हणा. तिथल्या बाबूनं चांगलं सांगितलं, मावशी, जिचं नाव चौकशीत आलंय तिनं येऊन बयान द्यावं की मुलगा तिचा नाही, मग तुमचं काम होईल.

आता इथनं पुढं मला सांगायला जड जातंय.

मी गयाला सांगितलं न्हाई. घरी येताना एसटीत मी इचार केला, हिला खरं सांगितलं आन ही न्हाई म्हणली तर? म्हणून तिला म्हणलं, गया, एक गवाही पायजे, दगडूचा बाप वारलाय अशी, अंगठा देऊन येऊ. ती म्हणली, देते की, दगडूला संग घेऊ, त्याला अहमदपूरचा बाजार दावू. नवं लुगडं नेसली. त्याला काजळ घातलं. एसटीत त्याला मांडीवर घेऊन खिडकीतून मोटारी मोजायला शिकवत होती, तिला स्वतःला दहाच्या पुढं येत नव्हतं, दहा झाले की पुन्हा एक.

अर्जनवीसानं तहसीलीच्या झाडाखाली कागद लिवला, मी त्याला आधीच बाजूला घेऊन मजकूर सांगितलेला. आत बाबू म्हणला, बाई, अंगठा देण्याआधी ऐकून घ्या. आन त्यानं वाचलं, मोठ्यानं, मागं रांग उभी होती तिच्यासमोर. मी गयाबाई, मला मूलबाळ झालेले नाही. सदर मुलगा दगडू हा माझा नाही. माझा त्याच्यावर कोणताही हक्क नाही.

गया म्हणली, परत वाचा.

त्यानं परत वाचलं. मी भिंतीवरच्या पालीकडं बघत होते. गयानं माझ्याकडं बघितलं, मी मान वर केली न्हाई, पर ते मला मानंवर कळलं, जसं ऊन कळतं. मागून एक बाई दुसरीला म्हणली, वांझ हाय वाटतं. पोरगं कडेवर बसून गयाच्या गळ्यातले मणी चोखत होतं. ती म्हणली, कोंडा, घरी इचारलं असतंस तरी मी दिला असता. आन अंगठा दिला.

बाबूनं पुसायला चिंधी दिली. तिनं घेतली न्हाई. अंगठ्याची उरलेली शाई तिनं दगडूच्या गालाला लावली, तीट म्हणून, कारण आता तो उघड्यावर माझा झाला होता ना, त्याची राखण मोडली होती. परतीच्या एसटीत तिनंच त्याला सांगितलं, आता काकूला आई म्हण. पोरगं लातूरपर्यंत ऐकू जाईल असं रडलं.

पगार सुरू झाला. पोरगं जगलं. पहिल्या पगाराची जवारी मी सुपात भरून गयाच्या दारात नेली. ती म्हणली, लगनात द्यायचं ठरलंय, लगनात दे. लगनात नेली तर म्हणली, आज गडबड हाय, उद्या बघू. त्या उद्याला आता दगडूची पोरगी कॉलेजला हाय. सूप माझ्याकडंच हाय.

दगडू आता लातूरला डाळ मिलात वजनाच्या काट्यावर हाय. मला आई म्हणतो, तिलाबी आई म्हणतो, पण सुट्टीला येतो तवा पिशवी आधी तिच्या दारात ठिवतो. मी बघून न बघितल्यासारखं करते.

परवा गावात म्हातारपणाच्या पगाराचा कॅम्प झाला. मीच गयाला ओढून नेलं, म्हणलं, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. गयाच्या अंगठ्याच्या त्या कागदाची नक्कल मी पेटीत जपून ठिवलेली, ती बी कमरेला खोचली, कारण ज्याला कमावता पोरगा हाय त्याला हा पगार मिळत न्हाई, आन हिला पोरगा न्हाई हे सरकारच्याच शिक्क्यानं लिवलेलं. ज्या कागदानं हिचं वाईट केलं तोच हिचं भलं करील, अशी माझी अक्कल. समोरची पोरगी लई गोड, म्हणली, आजी, मुलगा आहे का? मी गयाच्या मांडीला असा चिमटा काढला की मेलेला उठला असता.

गया म्हणली, हाय की! लातूरला असतो, डाळ मिलात.

मी कागद काढायला लागले तर तिनं माझा हात तसाच कमरेवर दाबून धरला. पोरीनं अर्जावर फुली मारली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर वरडले, बयो, नुसतं न्हाई म्हणायचं होतं, एक शबुद! ती म्हणली, एकदा म्हणले की, तुझ्या पगारासाठी. माझ्या पगारासाठी तसं म्हणणार न्हाई. आन पुढं गेली, डोक्यावर पदर घेऊन, त्याच लगबगीनं, जशी त्या दिवशी एसटीकडं गेली होती.

ती माझ्यावर कधी वरडली असती तर बरं झालं असतं. वरडली न्हाई.

आता तुम्ही हे लिवून राहिलात तर बैलाचं, चिमण्यांचं काय लिवायचं ते लिवा, खाडाखोड केली तरी मी काही म्हणणार न्हाई. फक्त दगडूचं लिवताना आईच्या जागी गयाबाई लिवा. मी समोर बसून सांगते, माझी हरकत न्हाई, पायजे तर अंगठा घ्या. पोराला आऊक्ष लाभो, तिलाबी लाभो. माझं काय, मी काकू होतेच.