कुठला वार पडला

डॉक्टर : शेपटी धरा, अंबुजाबाई. आजची ही अकरावी गाय, हात भरून आलाय माझा. हं, पडद्यावर पाहा. हे तिचं गर्भाशय.

अंबुजा : मजला काळंपांढरंच दिसतं. सुनेच्या स्कॅनमध्येंही ऐसंच होतं.

डॉक्टर : व्यायल्याला चाळीस दिवस झाले. एव्हाना ते आवळून लहान व्हायला हवं. हे अजून फुगलेलंच आहे. काळ्यात पांढरे ठिपके तरंगतायत ना, तो पू. आत काहीतरी राहून कुजलंय.

अंबुजा : अय्यो! मग संपलंच. घरचे बोलले, मशीनीनं वाईट सांगितलं तर मंगळवारीं तिरुनागेश्वरमच्या दलालास गाय द्यायची. गाईची जातच खोटी म्हणतात.

डॉक्टर : पण ती व्याली तेव्हा मी विचारलं होतं. सुंदरपेरुमाळ कोयिलहून परतताना, जीपमधूनच. 'वार पडली का?' तुम्ही म्हणालात, 'पडला, शुक्रवार.' म्हणून मी उतरलो नाही.

अंबुजा : शुक्रवारच होता कीं.

डॉक्टर : अहो, वार म्हणजे... वासरामागून पडते ती.

अंबुजा : नंजुकोडी?

डॉक्टर : तीच.

अंबुजा : ती कुठें धड पडली! तुकडे तुकडे. हातास आलं तितकं गोणपाटांत बांधून वडास टांगलं, दूध वाढावं म्हणोन. तुम्हीं वार विचारलांत, मीं वार सांगितला.

डॉक्टर : कळलं नव्हतं तर विचारायचं ना, बाई.

अंबुजा : लाज वाटली. महाराष्ट्रांतला माणूस ह्या तमिळ मुलखांत दारीं येऊन आपली भाषा बोलला. डॉक्टरांचं सगळं मराठी मजला कळतं म्हणोन चार घरीं सांगत फिरलें. घरच्यांसही सांगितलं.

डॉक्टर : मीही दमलो होतो. तरी उतरून बघायला हवं होतं, ती चूक माझी. आज इंजेक्शन देतो, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. गाईत खोट नाही, बहुतेक गाभण राहील. तुमच्या यजमानांना, हनुमंतरावांना तसं सांगा.

अंबुजा : गाईंत खोट नाहीं तर कोणांत, ऐसं विचारतील.

डॉक्टर : मग मी सांगू? झालं ते सगळं? नाहीतर ते गाय ठेवायचे नाहीत.

अंबुजा : (शेपटी सोडून दाराकडे पाहते)

डॉक्टर : आलेच बघा, सायकल लावतायत.

अंबुजा : सांगा. 'हिला माझं मराठी कळलं नाहीं', ऐसं सांगा. पण तमिळमध्यें सांगा.

डॉक्टर : माझं तमिळ मोडकं आहे, बाई.

अंबुजा : मोडकंच सांगा. मराठींत मजला ऐकवणार नाहीं.