खिडकीकडची वीस सेकंदं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या प्रयोगशाळेच्या संचालिका मॅडम. व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे. आज निवृत्त होत असलेले आमचे सर. पहिल्या रांगेत बसलेल्या काकू. आणि चहा कधी येणार या विवंचनेत असलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मॅडमनी मला सात मिनिटं दिली आहेत. म्हणून समोर हे बुद्धिबळाचं घड्याळ ठेवलं आहे. त्याला दोन तबकड्या आहेत, दोन खेळाडूंच्या दोन. त्यातली एक मी आत्ता चालू केली. वेळ संपली की लाल झेंडी पडेल आणि मी थांबेन.

सरांच्या छत्तीस वर्षांच्या सेवेबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितलं. बाहेरून येणारा प्रत्येक तराजू, प्रत्येक तापमापक खरं बोलतो की खोटं, हे ठरवणं आमचं काम. सर कोणाच्याही टेबलाशी थांबले की एकच प्रश्न विचारत, "शून्य पाहिलं का?" त्यामुळे सगळे त्यांना शून्यसाहेब म्हणतात. हे त्यांना माहीत नव्हतं, असं मला आत्ता त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं आहे. क्षमस्व.

मी चार वर्षांपूर्वी इथे रुजू झाले. मी फारशी बोलत नाही, हे आपण जाणताच. जेवणाच्या सुट्टीत एकटी बसत असे. चौथ्या दिवशी सर डबा, पट आणि प्रयोगशाळेच्या भांडारातलं हे घड्याळ घेऊन समोर उभे राहिले. खेळता येतं का, असं विचारलं नाही. खिडकीकडच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, दाराकडे बसलो की टेबलाचा पाय माझ्या गुडघ्याला लागतो. मी दाराकडे बसले. त्यानंतर चार वर्षं या व्यवस्थेत बदल झाला नाही.

सुट्टी तीस मिनिटांची. प्रत्येकी सात मिनिटांचा डाव, म्हणजे जास्तीत जास्त चौदा. उरलेली सोळा जेवायला आणि वाद घालायला. कामात सर मला 'तुम्ही' म्हणतात, पटावर 'तू'. आमचे भांडारपाल रोज बाजूला उभे राहून पाहायचे. त्यांना बोलायची बंदी होती. त्यावर त्यांनी खोकण्याचा मार्ग काढला. मग आम्ही खोकण्यावरही बंदी घातली.

एकूण डाव आठशे एकतीस. सगळे माझ्या वहीत आहेत. महिन्यापूर्वी आमचं असं ठरलं, की सरांच्या शेवटच्या दिवशी जो मागे असेल, त्याने या समारंभात माइकवर एक वाक्य बोलायचं: समोरचा माझ्यापेक्षा चांगलं खेळतो. कल्पना सरांची. मी लगेच होकार दिला, कारण तेव्हा मी सहा डावांनी पुढे होते. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत काय झालं, ते वहीत आहे. इथे सांगण्याची गरज नाही.

परवापर्यंत आम्ही बरोबरीत आलो. दोघांचे चारशे एक, अठ्ठावीस अनिर्णित. काल शेवटचा डाव होता.

या डावाचं विश्लेषण मी काल संध्याकाळी संगणकावर केलं. आठव्या खेळीपर्यंत संगणकाची काही तक्रार नव्हती. एकोणिसाव्या खेळीला मी माझा वजीर थेट सरांच्या उंटाच्या तोंडी ठेवला. कसा? सांगता येत नाही. सरांनी बराच विचार केला आणि कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. वजीर त्यांना दिसलाच नाही. मग मी तरी तो हलवावा की नाही? मी घोडा खेळले. दोन खेळ्या माझा वजीर रस्त्यावर राहिलेल्या छत्रीसारखा उभा होता, आणि दोन सुशिक्षित माणसं त्याच्याकडे पाहत होती. भांडारपाल पाणी पिऊन येतो म्हणून निघून गेले. संगणकाने काढलेला आलेख मी सकाळी मॅडमना दाखवला. त्यांनी विचारलं, हा तापमापक कोणाचा आहे, परत पाठवा.

पण शेवट चांगला झाला. माझा राजा कोपऱ्यात, समोर माझीच तीन प्यादी, पळायला जागा नाही. सरांनी हत्ती उचलला. तो शेवटच्या पट्टीत ठेवला की मात. हत्ती हवेत असताना त्यांची झेंडी पडली.

सरांनी हत्ती जागेवर ठेवला, हात पुढे केला आणि म्हणाले, "झेंडी पडली. डाव तुझा."

म्हणजे माझ्यानंतर सर बोलायला उठतील, तेव्हा ते वाक्य त्यांना बोलायचं आहे. मघापासून ते एक चिठ्ठी घडी करताहेत आणि उलगडताहेत, ती तीच असावी.

आता आज सकाळचं. हे घड्याळ सरांना भेट द्यायचं ठरलं होतं. तेल घालावं म्हणून मी मागचं झाकण काढलं. आत एक चिकटपट्टी होती, आपण प्रत्येक तपासलेल्या उपकरणाला लावतो तशी. तारीख आमच्या पहिल्या डावाच्या आदल्या दिवसाची. अक्षर आपण सगळे ओळखतो. मी वाचते.

"दाराकडची बाजू: बरोबर. खिडकीकडची बाजू: सात मिनिटं संपतात ती वीस सेकंद आधीच. शेरा: वापरास योग्य. खिडकीकडे मी बसेन."

खाली सही.

सर, मान खाली घालू नका, सही तुमचीच आहे. एखाद्याला गुपचूप सवलत द्यायची असेल, तर तो माणूस त्याचा दाखला सही करून आत चिकटवून ठेवतो का? दुसऱ्या कोणी ठेवला नसता. आणि गुडघ्याबद्दल बोलायचं तर, गेला पाऊण तास तो व्यासपीठावरच्या टेबलाच्या पायाला टेकलेला आहे. गुडघा उत्तम आहे.

मला राग आला. मी सवलत मागितली नव्हती. समारंभाआधी काकूंना गाठून विचारलं, हे असं का केलं त्यांनी? काकूंना घड्याळाचं काही माहीत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की त्या आठवड्यात सर घरी म्हणाले होते, नवीन मुलगी बरी खेळते, पण रोज हरली तर यायची बंद होईल. आधीचे सगळे असेच बंद झाले होते. मग काकू म्हणाल्या, "आता घरी पट आहे गं, पण समोर कोण बसणार? मला तर घोडा कसा चालतो तेही कळत नाही."

आपला नियम सर्वांना माहीत आहे. उपकरण सदोष निघालं, तर त्यावर घेतलेली मोजमापं मागे घ्यायची. माझ्या चारशे दोन विजयांपैकी एकशे त्रेसष्ट सरांची झेंडी पडून मिळालेले आहेत. ते मी मागे घेते. उरले दोनशे एकोणचाळीस. सरांचे चारशे एक कायम. ते कमी वेळात मिळवलेले आहेत, त्यांना कोण हात लावणार?

सर, ती चिठ्ठी खिशात ठेवा.

चिकटपट्टीवर एक रकाना रिकामा होता. 'पुढील तपासणी'. छत्तीस वर्षांत सरांनी रिकामा सोडलेला हा एकच रकाना असावा. मी तो भरला आहे. रविवार, सकाळी अकरा, सरांच्या घरी. घड्याळ मी दुरुस्त केलेलं नाही. खिडकीकडे मी बसेन.

पडली झेंडी. या तबकडीप्रमाणे माझी वेळ संपली. पण ही खिडकीकडची तबकडी आहे. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे माझ्याकडे अजून वीस सेकंदं आहेत.

सर माझ्यापेक्षा चांगलं खेळतात.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर वीस सेकंदांपर्यंतची चूक आपण सोडून द्यावी. सरांनी ती आठशे एकतीस वेळा सोडली आहे.