विमानात नेलेल्या दोन चादरी

...आन् वर मलाच हसतायत! हसा की! सोलापूरच्या नव्या पेठेत चाळीस वर्सं चादरी विकतोय हा धोंडप्पा. तुमाला सांगतो, चादरीतलं मला कुणी शिकवायचं न्हाय!

झालं काय, दिल्लीत आमच्या रुद्राणीला मुलगी झाली. पहिली नात! बारसं दोन दिवसांवर, रेल्वेचं तिकीट मिळंना, म्हणून जावयबापूंनी पुण्याहून विमान धाडलं... म्हंजे आमा नवराबायकोची तिकिटं हो! शेजारची अपेक्षा कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिला सहज इचारलं, "विमानात भ्यायासारखं काय न्हाय न्हवं?" तर ती काय बोलावी?

"काका, अवकाशातनं सारखी किरणं येत असतात, अणूतले इलेक्ट्रॉन उडवणारी. खाली आपल्यावर हवेची जाड चादर असते, ती बरीचशी अडवते. वर गेलं की चादर विरळ. पण एका फेरीनं काही होत नाही हं..."

ते शेवटचं ऐकलंय कुणी? चादर विरळ म्हणल्यावर गिऱ्हाइकाला काय सांगतो आपण? दुसरी घ्या, जाड! चादरीतलं मला कुणी शिकवायचं न्हाय! काढल्या की दुकानातल्या दोन, लई घट्ट विणीच्या. आन् अपेक्षाकडनं किरणं मोजायचं टिकटिक्या यंत्रबी घेतलं. पुरावा पायजे का न्हाय?

विमानतळावर तपासणीवाला, "अंकल, ये क्या है?" म्हणलं, "सोलापुरी चादर है!" "वो नहीं, ये डिब्बा!"

उडालो बाबा! खाली कसं, टिक... टिक... निवांत. वर गेलो आन् टिकटिकटिकटिक! नातीचं तोंड बघायच्या आत किरणंच खात्यात की काय? एक चादर माझ्या डोक्यावरनं, एक सिद्धेश्वरीच्या, यंत्र आत... आतबी तेवढंच! बायको वरडतीय, "अय्यो, सुम्न कुंद्री! गप बसा की वो, ढग दिसंनात मला!" हवाईसुंदरी वाकून, "सर, थंडी वाजतेय का?" थंडी कसली, घामानं निथळतोय मी! घडी घातली, चार पदरी, आठ पदरी... यंत्र ऐकंना! लाज गेली हो! माझी न्हाय, मालाची!

आन् मग विमान उतराय लागलं. टिकटिक आपली आपण मंद... टिक... टिक. मी काय सुदीक केलं न्हवतं. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

नात लई गोड! तिला पाळण्यात तीच चादर पांघरली आन् लावला फोन अपेक्षाला. "किती जाड गं ती हवेची चादर?" हिशोब करून म्हणती, "काका, तेवढं वजन भरायचं तर तुमच्या पंचवीसेक हजार चादरी एकावर एक रचाव्या लागतील."

पंचवीस हजार! अख्ख्या पेठेत एवढा माल निघल का? आन् तिची वीण दिसत न्हाय, धुवायला नको, आटायची भीती न्हाय, समद्या दुनियेच्या अंगावर... आन् फुकट! असलं दुकान डोक्यावर उघडं असल्यावर धोंडप्पानं काय विकायचं?

तरीबी सांगतो, चादरीतलं मला कुणी शिकवायचं न्हाय... थंडीपुरतं!