नातवाच्या बसमधली प्रवासी

माझं माहेर कऱ्हाडचं आणि सासरही कऱ्हाडचंच, गावातल्या गावात दिली मला, सकाळी लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी आईनं तिच्या अंगणातून हाक मारली तर मला सासरच्या मोरीत ऐकू आली, त्यामुळं लांब जाणं म्हणजे काय हे पन्नाशीपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं बालवाडीत शिकले, म्हणजे मी तिथं मदतनीस होते गं, पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, आणि बाई फळ्यावर काय लिहितात ते बघून बघून घरी गिरवायचं. असं करत करत वाचायला लागले. त्या बालवाडीत माझा एक नियम होता, शाळा सुटली की पोरगं घरच्या माणसाच्या हातात द्यायचं, हातात म्हणजे हातात. शेजारीण आली, म्हणाली काकू माझ्याबरोबर लावून द्या, नाही द्यायचे. लोक चिडायचे, म्हणायचे काकू, बँकेतलं सोनं सांभाळताय काय? मी म्हणायचे हो, बँकेतलंच.

मग हे गेले. विनायक, माझा मुलगा, एकुलता एक, सीए झाला आणि इथं सिंगापूरला बँकेत लागला. सून मानसी तीही नोकरीवाली. ओंकार झाला तेव्हा विनायकचा फोन आला, आई ये, पोराला कुणाच्या हातात देऊ? आता मला असं विचारल्यावर मी काय बोलणार. आले ती या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर, तेव्हापासून इथंच आहे, राहायचा पास संपत आला की विनायक वाढवून घेतो.

ओंकारला मी वाढवला. आईबाप रात्री यायचे, तोवर तो जेवून झोपलेला. शाळेतले त्याचे मित्र यायचे, एक चिनी, एक मलय, दोघं थालीपीठ हातात धरून टीव्हीसमोर बसायचे आणि आजी वन मोर, आजी वन मोर, दारात त्यांच्या चपलांचा ढीग. घर कसं भरलेलं होतं, काय सांगू तुला.

आता पुढचं तुला माहितेय, तू इथलीच आहेस, पण तू हे लिहून घेतेयस, वाचणाऱ्याला कळायला पाहिजे म्हणून सांगते. इथं मुलगा अठराचा झाला की त्याला दोन वर्षं फौजेत जावं लागतं. इथल्या नागरिकांच्या मुलांना जावंच लागतं, आणि विनायकसारखे पीआर, म्हणजे नागरिक नाहीत पण कायम राहायची परवानगी घेतलेले असले तरी त्यांच्या मुलांनाही चुकत नाही. विनायक आकडेमोडीचा माणूस. म्हणाला दोन वर्षं म्हणजे नुसती दोन वर्षं नाहीत आई, पुढच्या सगळ्या आयुष्यात तेवढा मागं राहतो. आणि आपल्या गणपतीत जमणारे लोक, आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हाच विषय, अहो वेळेत बाहेर काढा, सगळे हेच करतात, नंतर कोण विचारतंय. त्यातल्या कितीजणांनी खरंच काढली मुलं? मी नंतर बघितलं ना, त्यांचीच पोरं हिरवे कपडे घालून, टोप्या उडवून, आईबापांबरोबर फोटो काढून घेत होती.

आमचा चौदाव्या वर्षी गेला ऑस्ट्रेलियात, पर्थला, होस्टेलात. विनायकला वाटलं ओंकारचं पीआर सोडलं की विषय संपला. संपत नाही तो. इथून फौजेचं बोलावणं गेलं, ओंकार आला नाही, आणि त्याच्या नावावर गुन्हा लागला. आता तो चांगीला विमानातून उतरला की तिथंच धरतील, मग कोर्ट, मग दंड नाहीतर तुरुंग. म्हणजे ज्या घरात वाढला त्या घराचं दार बंद. तिकडं कॉलेजही त्यानं अर्ध्यात टाकलं, बापाशी फोनवर जोरात भांडला, आणि पर्थपासून विमानानं आणखी वर, किंबर्ली म्हणून मुलूख आहे, तिथं जाऊन पर्यटकांची बस चालवायला लागला. बापाचा फोन घेत नाही. माझा घेतो, पण तिथं वाटेवर फोन लागतच नाही, लाल माती आणि आकाश, दुसरं काही नाही.

गेल्या वर्षी माझे गुडघे फारच बोलायला लागले तेव्हा विनायक म्हणाला, आई, चालता येतंय तोवर तू जाऊन ये. मी वकिलाला विचारलंय, स्वतःहून आला, शिक्षा भोगली, तर सुटेल त्यातून. तुझं ऐकेल तो, तेवढा शब्द घेऊन ये. मानसी माझ्या बॅगेत त्याचे जुने टीशर्ट भरत होती. म्हणलं अगं लहानपणीचे आहेत ते, मापाचे कसे होतील? तर म्हणाली, असू द्या.

ओंकारला कळवलं. तर त्याचा फोन, आजी सीझन आहे, सुट्टी मिळणार नाही, तू असं कर, माझ्याच टूरवर ये, सीट ठेवतो. म्हणजे बघ, नातवाला भेटायला जायचं ते त्याच्या बसमधली प्रवासी म्हणून.

तिथल्या ब्रूम गावच्या विमानतळावर घ्यायला आला. दाढी, उन्हानं रापलेला, बाप्यासारखा बाप्या. वाकून पाया पडला आणि माझ्या गळ्यात पडला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं आमची बॅग कुठं ठेवायची, की गेला. पुढचे पाच-सहा दिवस असंच. दहा-बारा गोरी माणसं, बरीचशी माझ्या वयाची, आणि एक मी, पंजाबी ड्रेसवर बूट घातलेली. त्यानं माइकवर सांगितलं ही माझी आजी, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या क्षणापासून मी सगळ्यांचीच आजी झाले, आजी पाणी पी, आजी टोपी घाल. फक्त त्याचीच तेवढी राहिले नाही.

बघण्यासारखं नाही असं मी म्हणणार नाही, पोरी. खोटं कशाला बोलू. समुद्रावर उंटांची रांग बघितली, सूर्य बुडताना त्यांच्या सावल्या ओल्या वाळूवर मैलभर लांब. मातीचा रंग आपल्या कुंकवासारखा, ती कपड्यांत शिरली ती अजून माझ्या एका ओढणीतून निघाली नाही. झाडं अशी पोट सुटलेली, मी म्हणलं अरे ही तर गोरखचिंच, आपल्याकडं असते, तर त्यानं लगेच माइकवर सांगितलं, आजी म्हणते हे आमच्याकडचं आहे, आणि सगळे हसले. एका खिंडीत मगरी ऊन खात पडलेल्या, लाकडाच्या ओंडक्यांसारख्या, हा म्हणतो यांच्याकडं लक्ष देऊ नका, तुमच्यापेक्षा त्याच जास्त घाबरतात. म्हणलं त्यांनी सांगितलं का तुला? तर बस सगळी खदखदली. एका ठिकाणी डोंगराच्या पोटातून पाणी वाहतं, टॉर्च घेऊन अंधारात त्या पाण्यातून चालायचं, डोक्यावर वटवाघळं. तिथं ओंकारनं माझा हात धरला. घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे तसा. मला वाटलं आता बोलावं. तेवढ्यात कोरडा खडक आला, त्यानं मला वर चढवलं, हात सोडला आणि मागच्या बाईला आणायला गेला. तिचा हात पण तसाच धरला होता, मी टॉर्च मारून बघितलं.

आणखी एका जागी तिथल्या मूळ लोकांतली एक बाई आली होती, केस पांढरे, त्यांच्या डोंगराची गोष्ट सांगायला. हा माझ्या आजीचा मुलूख, म्हणाली, तिच्या आजीचा आणि तिच्याही आजीचा. मग ओंकारकडं वळून तिनं सहज विचारलं, आणि तुझा मुलूख कुठला? ओंकार हसला आणि म्हणाला, मी बस चालवतो. सगळे परत हसले. ती बाई हसली नाही, मीही नाही. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.

बोलायला वेळ मिळाला तो टायर फुटला तेव्हा. तिथला रस्ता म्हणजे पत्र्यासारखा, लाटा लाटा, दात वाजतात. बाकीचे लांब एका झाडाखाली सावलीत गेले, मी म्हणलं मी नाही येत, माझे गुडघे. डब्यावर बसले बसच्या बाजूला. ओंकार खाली शिरला, मला त्याचे फक्त पाय दिसत होते, धुळीनं लाल झालेले. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच धीर झाला असेल. म्हणलं ओंकार, घरी चल. बाबा म्हणतो वकिलाला विचारलंय, थोडे दिवस काय व्हायचं ते होईल, मग मोकळा होशील.

खालून नुसता पाना फिरल्याचा आवाज. मग म्हणाला, आजी, आय ॲम नॉट स्केअर्ड लाह. तुला सांगते, पाच दिवस तो त्या गोऱ्यांशी त्यांच्यासारखं बोलत होता, माझ्याशी मोडकं मराठी, आणि बसखाली पडल्यावर त्याच्या तोंडून ते लाह निघालं, इथली पोरं प्रत्येक वाक्याला जोडतात ते.

म्हणाला, तुरुंगाचं काही नाही. पण मला तेव्हा कुणी विचारलंच नाही गं. मला फौजेत जायचं होतं. माझ्या वर्गातली सगळी गेली, एकत्र रडली, एकत्र शिव्या खाल्ल्या, अजून दर वर्षी सरावाला बोलावतात त्यांना, अजून एकत्र असतात. मी मेसेज केला की कुणी उत्तर देत नाही. त्यांनी दोन वर्षं दिली आणि मी पळालो, त्यांच्या हिशोबात एवढंच आहे.

म्हणलं अरे तू कुठं पळालास, तू लहान होतास, तुला नेलं.

तर म्हणाला, नेलं तेव्हा लहान होतो. अठराचा झालो तेव्हा तिकीट मला काढता येत होतं. तेव्हा मी बाबांचंच ऐकलं. आता तिथं येऊन मी कुणाचा होऊ? शिक्षा होईल, सुटेन, आणि मग? त्याच लिफ्टमधून वर जायचं आणि खाली यायचं, आणि खाली माझं कोण आहे?

मी म्हणलं मी आहे. हे बोलले आणि मलाच कसंतरी झालं, माझ्या वयाच्या माणसानं मी आहे म्हणणं म्हणजे काय. म्हणून पुढचंच विचारून टाकलं. म्हणलं बरं, आत्ता नको येऊस. मी गेल्यावर येशील का? शेवटचं तोंड बघायला?

पाना थांबला. माश्या तेवढ्या तोंडावर बसत होत्या. मग अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, नाही येणार, आजी.

बाहेर आला, हात धुतले, माझ्या तोंडाकडं न बघता मला बसच्या पायरीवर चढवलं, आणि गाडी सुरू करून माइकवर म्हणाला, मंडळी, उशिराबद्दल माफी, आता तुमच्या डाव्या हाताला बघा. सगळ्यांनी डावीकडं बघितलं. मीही बघितलं. काय होतं तिथं, आज विचारशील तर सांगता यायचं नाही.

निघायच्या सकाळी त्याची पुढची टूर होती, विमानतळावर मला दुसऱ्याच ड्रायव्हरनं सोडलं. टीशर्टची पिशवी मी त्याच्या सीटवर ठेवून आले. त्यातला एक तो आता पुसायला वापरतो, काच पुसायला, फोटो पाठवला होता. मानसीला दाखवला नाही मी.

चांगीला विनायक घ्यायला आला होता. ट्रॉली ढकलता ढकलता म्हणाला, काय म्हणाला तो? म्हणलं नाही म्हणाला. ट्रॉली वाटेतच थांबवली त्यानं, मागून लोक एक्स्क्यूज मी म्हणत होते, मग म्हणाला विमानात जेवलीस का. माझा मुलगा वाईट नाही गं. पोराचं भलं करायला गेला, आता रोज ऑफिसातून येतो, टीव्ही लावतो आणि आवाज बंद करून बघत बसतो. मानसी ओंकारची खोली झाडते. या घरात आम्ही तिघं आणि कुणीच कुणाशी त्याचं नाव काढत नाही. एमआरटीत, इथल्या लोकल गाडीत, ती हिरव्या कपड्यातली फौजेची पोरं दिसतात ना, बॅग पोटाशी धरून उभ्या उभ्या डुलक्या काढणारी, मी उठून दुसऱ्या डब्यात जाते. त्यांचं काही चुकलं नाही. मला बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले आता विमान नको. म्हणजे ते बघणं शेवटचंच होतं, त्याला ठाऊक होतं, मलाही. देवाला मी आता काही मागत नाही, मागून मागून थकले. तो नाही म्हणाला तेही मी धरून ठेवलेलं नाही, खोटं हो म्हणाला असता तर मी वाट बघत मेले असते.

विनायकला मी सांगून ठेवलंय, तूही लिही, म्हणजे विसरणार नाही. मी गेले की ओंकारसाठी थांबवून ठेवू नका मला, विनायकनंच करावं काय करायचं ते. आणि त्याला कळवायची घाई करू नका. आधी विचारा तो कुठं आहे. टूरवर असेल तर टूर संपून गावात येऊ दे, मग सांगा. त्याच्या गाडीत दहा-बारा म्हातारी माणसं असतात, रस्ता फार वाईट आहे, आणि हात त्याचे एकट्याचेच असतात. सुखरूप पोचवू दे त्यांना. सुखी राहू दे.