आधी थोडी झळ

मानवतच्या एसटी स्टँडवर परभणीच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यामागं तिथल्या कृषी विद्यापीठात शिकणारी लेक आन् तिची माय उभ्या होत्या.

“माय, माझे ज्वारीचे कोंब जगले! अठ्ठेचाळीस डिग्रीत!”

“समदेच?”

“न्हाई, एकदम भट्टीत घातलेले मेले. ज्यांना आधी दोन तास थोडी झळ दिली, तेच जगले. झळ लागली की पेशी आत नवी प्रथिनं बनवती. मग मोठा ताप आला की ती बाकीच्या प्रथिनांना मोडू देत न्हाईत.”

“हे तुला आता कळायलंय व्हय, विशाखा? मिरचीचं रोप उपटायच्या आदी मी आठ दिस पाणी तोडते, ते काय उगंच?”

“तेच की, माय! ताण आला की पेशी तयारीला लागती!”

“लाडानं पाणी पाजलेलं रोप रानात मान टाकतंय. म्हणून तर तुला हॉस्टेलात सोडल्यावर दोन म्हयने भेटाया आले न्हाई.”

“मला वाटलं, तुला माझी आठवणच येत न्हाई.”

“दर बाजाराच्या दिशी हितं येऊन हुबी ऱ्हायची गं मी. परभणीची गाडी सुटली, की मग घरी जायची.”